हायस्कूल सॉकरचा बूस्टर क्लब: अमेरिकेतल्या नव्या मराठी पालकांसाठी

मुलाची किंवा मुलीची हायस्कूलच्या सॉकर टीममध्ये निवड झाली की थोड्याच दिवसांत बूस्टर क्लबचा, म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या संस्थेचा, ईमेल येतो. त्यात बैठकीची तारीख असते, वर्गणीचा आकडा असतो, टी-शर्टांचा ऑर्डर फॉर्म असतो आणि शेवटी कामांची साइनअप शीट असते. आपल्यातले बरेच पालक वर्गणी भरतात, टी-शर्ट मागवतात आणि साइनअप शीट तशीच सोडून देतात. यामागे आळस क्वचितच असतो. हा प्रकार नेमका काय आहे, तिथे कोण काय ठरवतं, आपण गेलो तर कोणाला खटकेल का, हेच ठाऊक नसतं. मी काही सीझन हे काम जवळून केलं आहे, आणि आपल्या लोकांनी त्यात मोठ्या संख्येने यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही सविस्तर माहिती.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. बूस्टर क्लब सगळ्या टीमचा असतो, एकट्या आपल्या मुलाचा नव्हे. पैशांचे नियम, कोचशी बोलण्याचे नियम, मुलामुलींना सारखं देण्याचे नियम, सगळे याच एका गोष्टीतून निघतात. ही गोष्ट मनात पक्की असली की बाकीचं आपोआप उमगत जातं.

शाळा काय देते आणि क्लब काय देतो

साधारणपणे कोचचं मानधन, सामन्याला नेणारी बस, रेफरींचे पैसे, मैदानाची देखभाल आणि मूळ युनिफॉर्म हा खर्च शाळा किंवा स्कूल डिस्ट्रिक्ट उचलतं. अनेक डिस्ट्रिक्ट त्यासाठी पालकांकडून खेळाची फी घेतात. एवढ्यावर टीम मैदानात उतरते, पण त्यापलीकडे बरंच काही लागतं. सरावाचे चेंडू, बिब (सरावात जर्सीवर घालायची रंगीत बनियनं), बदली खेळाडूंच्या बाकावरचं छप्पर, सामन्याचं चित्रीकरण करणारा कॅमेरा आणि त्याचं वार्षिक शुल्क, लांबच्या सामन्याआधीचं जेवण, सीनियर नाइट (सीनियर म्हणजे बारावीच्या मुलांचा निरोप), सीझनअखेरचा बँक्वेट म्हणजे मेजवानी. हा वरचा खर्च आणि त्यामागची धावपळ बूस्टर क्लब करतो. ज्या घराला फी परवडत नाही त्या घराची फी भरणं हेसुद्धा त्याचंच काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं.

बूस्टर क्लब कायद्याने शाळेचा भाग नसतो. तो पालकांनी आणि गावातल्या हितचिंतकांनी चालवलेली स्वतंत्र संस्था असते. शाळेचं नाव, बोधचिन्ह आणि मैदान ती शाळेच्या परवानगीने वापरते. शाळेच्या बाजूने ही परवानगी सहसा ॲथलेटिक डायरेक्टर देतो, ज्याला सगळे नुसतं ‘एडी’ म्हणतात. मुलं शाळेबाहेर ज्या खासगी ट्रॅव्हल टीमकडून खेळतात तिच्याशी याचा संबंध नाही. पीटीएशीही, म्हणजे शाळेच्या पालक-शिक्षक संघाशीही, नाही.

पहिल्या बैठकीला जाण्याआधी एवढं विचारून घ्या: आपल्या शाळेत सॉकरचा वेगळा क्लब आहे की सगळ्या खेळांचा मिळून एकच? वेगळा असेल तर मुलांच्या आणि मुलींच्या टीमचा एकत्र आहे की दोन निरनिराळे? सगळ्या खेळांचा एकच क्लब असेल तर त्यात सॉकरचा प्रतिनिधी कोण? त्या प्रतिनिधीशी ओळख झाली की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

आपल्या राज्यात सीझन कधी, ते आधी पाहा

इथे नवीन पालक हमखास गोंधळतात, कारण हायस्कूल सॉकरचा सीझन देशभर एकाच वेळी नसतो. न्यू जर्सी, ओहायो, मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया अशा बऱ्याच राज्यांत मुलं आणि मुली दोघांचे सामने फॉलमध्ये (शरदात) होतात. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात ते थंडीत होतात. टेक्ससमध्ये सामने जानेवारीत सुरू होऊन राज्याची अंतिम फेरी एप्रिलमध्ये होते. जॉर्जिया आणि व्हर्जिनियात सॉकर वसंतात असतं. इलिनॉय, मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात मुलांचा सीझन फॉलमध्ये आणि मुलींचा वसंतात, तर वॉशिंग्टन राज्यात बरोबर उलट. मैत्रिणीच्या सांगण्यावर विसंबू नका, ती दुसऱ्या राज्यात राहत असेल. आपल्या राज्याच्या हायस्कूल असोसिएशनचं वेळापत्रक पाहा.

क्लबचं कॅलेंडर सीझनच्या दोन-तीन महिने पुढे धावतं. फॉलची राज्यं धरली तर ट्रायआउट (निवड चाचण्या) ऑगस्टमध्ये असतात, म्हणजे टी-शर्टांची ऑर्डर, प्रायोजकांना पत्रं आणि बजेट ही कामं मे-जूनमध्येच उरकावी लागतात. आपण जूनअखेर भारतात जाणार असू तर घरबसल्या होणारं काम मागून घ्यावं. प्रायोजकांची यादी करणं, स्प्रेडशीट तयार करणं, ऑर्डर गोळा करणं यासाठी इथेच असायला हवं असं काही नाही.

पहिल्या वर्षी एकच काम घ्या

पहिल्या बैठकीत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि प्रत्येक टीमचे टीम पॅरेंट भेटतात. हायस्कूलमध्ये बहुधा व्हार्सिटी (शाळेची मुख्य टीम), जेव्ही (तिच्याखालची दुसरी टीम) आणि कुठे कुठे फ्रेशमन (नववीच्या मुलांची) अशा टीम असतात आणि क्लब या सगळ्यांसाठी असतो. मूल जेव्हीत आहे म्हणून मागे बसायचं काही कारण नाही. उलट फ्रेशमन आणि जेव्हीच्या पालकांकडे अजून तीन-चार वर्षं असतात. क्लबला खरी गरज त्यांचीच असते.

पहिल्या वर्षी एक छोटं, मोजकं काम घ्यावं आणि ते शेवटपर्यंत न्यावं. कन्सेशन स्टँडवरची, म्हणजे मैदानाशेजारच्या खाऊच्या स्टॉलवरची, एका सामन्याची पाळी ही सगळ्यात सोपी सुरुवात. दोन तास शेजारी उभं राहून पाणी आणि चिप्स विकताना जितक्या ओळखी होतात तितक्या ब्लीचर्सवर (प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर) बसून चार सीझनमध्ये होत नाहीत. फोटो काढण्याची आवड असेल तर फोटो काढा, पण फक्त आपल्या मुलाचे काढू नका. बदली बाकावरच्या मुलांचे, गोलकीपरचे, जेव्हीच्या सामन्यांचे फोटो कोणीच काढत नाही, आणि सीझनच्या शेवटी त्यांच्याच आयांचे डोळे ते शोधत असतात.

आणखी एक काम आपल्यातल्या कोणीतरी जरूर मागून घ्यावं, ते म्हणजे लाउडस्पीकरवरून नावं पुकारण्याचं. ते जमणार नसेल तर निदान जो पुकारतो त्याला प्रत्येक मुलाच्या नावाचा उच्चार फोड करून लिहून द्यावा. फक्त आपल्या मुलांच्याच नव्हे. व्हिएतनामी, नायजेरियन, पोलिश, सगळ्यांच्या नावांचा. त्यासाठी त्या त्या मुलालाच विचारावं. घरच्या मैदानावर आपलं नाव बरोबर ऐकू येणं मुलांना किती आवडतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

मुलांच्या जवळ राहून करायची कामं, म्हणजे टीमबरोबर बसमधून जाणं किंवा गाडीतून मुलांना नेणं, यासाठी डिस्ट्रिक्ट स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासतं. काही ठिकाणी बोटांचे ठसेही लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज सीझनच्या आधीच द्या. व्हिसावर असणाऱ्यांसाठी एक सूचना: हे काम पूर्णपणे विनामोबदला असायला हवं. पैसे, फी-माफी, गिफ्ट कार्ड, काहीही बदल्यात घेऊ नका, आणि शंका असेल तर आपल्या इमिग्रेशन वकिलाला विचारून मगच पुढे जा.

कोच आणि तुम्ही

कोणाला खेळवायचं, कोणत्या जागी खेळवायचं, कॅप्टन कोण, व्हार्सिटीत कोणाला घ्यायचं, हे सगळं कोच ठरवतो. बूस्टर क्लबचा यात काडीचाही अधिकार नाही, अध्यक्षाचाही नाही. पैसे आम्ही गोळा करतो तेव्हा आमचं ऐका, असा सूर एकदा लागला की क्लब संपलाच समजा. बैठकीत कोणी असा विषय काढला तर अध्यक्षाने तिथल्या तिथे थांबवावं, आणि बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी.

आपल्या मुलाला खेळायला मिळत नाही याचं दुःख खरं असतं. ते घरी सहन करणं अवघड जातं हेही खरं. त्यावरची रीत अशी की आधी मुलाने स्वतः कोचशी बोलावं, ‘मी काय सुधारू?’ असं विचारावं. नंतर गरज पडली तर पालकांनी वेळ ठरवून भेटावं. सामना संपल्या संपल्या पार्किंग लॉटमध्ये कोचला गाठू नये. बरेच कोच सामन्यानंतर चोवीस तास थांबा असं सुरुवातीलाच सांगतात, आणि ते शहाणपणाचं आहे. या भेटीला क्लबचे पदाधिकारी म्हणून जाऊ नका, मुलाचे पालक म्हणून जा.

कोचला भेटवस्तू देण्यावरही मर्यादा असतात. टेक्ससमध्ये यूआयएल या शालेय स्पर्धांच्या राज्य संस्थेच्या नियमानुसार कोचला कोचिंगच्या कौतुकादाखल वर्षभरात एकूण ५०० डॉलरपेक्षा जास्त काही स्वीकारता येत नाही. खेळाडूंना काय देता येतं यावरही प्रत्येक राज्याच्या असोसिएशनचे हौशी खेळाडूंबद्दलचे नियम आहेत. चुकीची भेटवस्तू दिली तर मुलाची खेळण्याची पात्रताच धोक्यात येऊ शकते. म्हणून जॅकेटपासून ट्रॉफीपर्यंत काहीही देण्याआधी एडीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

पैसा: इथे सावकाश वाचा

महाराष्ट्र मंडळाचं किंवा गणेशोत्सवाचं काम केलेल्यांना हा भाग ओळखीचा वाटेल. वर्गणी, पावती, जमाखर्च, खजिनदार, वार्षिक सभेत हिशेब. फरक एवढाच की इथे या सगळ्यावर आयआरएसची, म्हणजे केंद्राच्या करखात्याची, नजर असते आणि पैसा मुलांच्या नावाने गोळा झालेला असतो.

पहिला नियम: क्लबचा एकही डॉलर कोणाच्या खासगी खात्यात जाता कामा नये. खासगी व्हेन्मोवर किंवा झेलवर (फोनवरून पैसे पाठवायच्या सोयींवर) टी-शर्टांचे पैसे घेणं सोयीचं वाटतं, पण त्यातून चांगल्या माणसांवरही संशय येतो. क्लबच्या नावाने बँक खातं हवं, धनादेशावर दोन सह्या हव्यात, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. कन्सेशनची रोकड दोघांनी एकत्र मोजावी, आकडा कागदावर लिहून दोघांनी सही करावी आणि पेटी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत जावी. बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला खजिनदाराखेरीज आणखी एकाने तपासावं. हे अविश्वासाचं लक्षण नाही. खजिनदाराचं सगळ्यात मोठं संरक्षण हेच आहे.

दुसरा नियम लोकांना पटायला वेळ लागतो. ज्या घराने जास्त पैसे जमवले त्या घराच्या मुलाची फी तितकी कमी, अशी वैयक्तिक खाती बूस्टर क्लबने ठेवू नयेत. न्याय्य वाटतं, कारण जो राबतो त्याला फळ. पण करमुक्त संस्थेचा पैसा एखाद्या व्यक्तीच्या खासगी फायद्यासाठी वापरता येत नाही. व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने पालकांना विक्रीवर पॉइंट देऊन त्यातून स्वतःच्या मुलाचा खर्च कमी करण्याची सोय ठेवली होती. आयआरएसने त्यांचा करमुक्त दर्जा काढून घेतला आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. जमलेला पैसा एका मोठ्या भांड्यात जातो आणि सगळ्या टीमवर खर्च होतो. घराने किती आणले हे न बघता, गरज बघून मदत द्यावी. मदतीचा अर्ज गोपनीय ठेवावा. निर्णय एडीकडे किंवा शाळेच्या समुपदेशकाकडे सोपवला तर उत्तम. त्या मुलाचं नाव क्लबमधल्या कोणालाही कळण्याची गरज नसते.

तिसरा, पावत्यांचा. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीसाठी देणगीदाराला लेखी पोचपावती लागते, नाहीतर त्याला करसवलत घेता येत नाही. ७५ डॉलरपेक्षा जास्त देणगीच्या बदल्यात काही वस्तू किंवा जेवण दिलं असेल तर त्याची अंदाजे किंमत पावतीत लिहावी लागते. रॅफलचं, म्हणजे सोडतीचं, तिकीट ही देणगी धरली जात नाही. रॅफल ठेवण्याआधी राज्याचा कायदाही पाहा, अनेक ठिकाणी त्यासाठी परवाना लागतो.

क्लबच नसेल तर

तुमच्या शाळेत सॉकरचा क्लब नसेल आणि तो सुरू करायचा असेल तर क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी एडी आणि दोन्ही टीमच्या कोचना भेटा. डिस्ट्रिक्टचे बूस्टर क्लबसाठी लेखी नियम असतात, ते मागून घ्या. मग पाच-सहा पालक जमवा, ज्यांत मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही टीमचे आणि निरनिराळ्या इयत्तांचे पालक असतील. सगळे सीनियरचेच पालक घेतले तर वर्षभरात क्लब रिकामा होईल.

त्यानंतर घटना लिहा. पदं कोणती, मुदत किती, निवडणूक कधी, किती रकमेपर्यंत समिती परस्पर खर्च करू शकते, त्यावर सभेची मंजुरी कशी. राज्यात ना-नफा संस्था म्हणून नोंदणी करा. नोंदणीच्या कागदात संस्थेचा हेतू आणि ती बंद झाल्यास उरलेला पैसा कुठे जाईल हे आयआरएसला हवं तसं लिहिलेलं असावं. मग आयआरएसकडून ईआयएन, म्हणजे संस्थेचा कर-ओळख क्रमांक, घ्या. तो विनामूल्य मिळतो. पैसे मागणाऱ्या मध्यस्थ वेबसाइटपासून दूर राहा. अर्जात जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन (तो नंबर नसणाऱ्यांचा कर-क्रमांक) लागतो. ईआयएन हातात आला की बँक खातं उघडता येतं.

करमुक्त दर्जाचं नाव ५०१(सी)(३). पुढच्या तीन वर्षांत दरवर्षी ५०,००० डॉलरच्या आत जमा होणार असेल आणि एकूण मालमत्ता २,५०,००० डॉलरच्या आत असेल तर सहसा फॉर्म १०२३-ईझेड पुरतो. त्याची फी २७५ डॉलर; मोठ्या फॉर्म १०२३ ची ६००. संस्था स्थापन झाल्यापासून २७ महिन्यांच्या आत अर्ज केला तर दर्जा स्थापनेच्या दिवसापासून लागू होऊ शकतो. सॉकरच्या बहुतेक क्लबांचं छोट्या फॉर्मवर भागतं. केंद्राचा दर्जा मिळाला म्हणून राज्याचा सेल्स टॅक्स माफ होतोच असं नाही, त्यासाठी राज्याकडे वेगळं पाहावं लागतं. बऱ्याच राज्यांत देणग्या मागण्यासाठीही नोंदणी लागते.

जनरल लायबिलिटी विमा काढा, आणि रोकड हाताळणाऱ्यांसाठी बाँडही, म्हणजे पैशांची अफरातफर झाली तर भरपाई देणारी हमी. हे टाळून पैसे वाचवू नका.

पैसे कुठून येतात

कन्सेशन स्टँड, स्पिरिट वेअर म्हणजे टीमचे टी-शर्ट-हुडी, मैदानाच्या कुंपणावर लावायचे प्रायोजकांचे बॅनर आणि एखाद्या रेस्टॉरंटशी ठरवलेली निधीची संध्याकाळ, ही नेहमीची साधनं. प्रायोजकाच्या बॅनरवर नाव, बोधचिन्ह, पत्ता चालतो. ‘आमच्याकडेच घ्या’, ‘२० टक्के सूट’ असं लिहिलं की ती जाहिरात होते आणि त्यावर कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

आपल्या समाजासाठी खरी खाण वेगळीच आहे, आणि ती बहुतेक क्लबांत पडून राहते. मोठ्या टेक, बँकिंग आणि औषध कंपन्यांत काम करणाऱ्या पालकांच्या देणगीवर त्यांची कंपनी बऱ्याचदा तितकीच रक्कम घालते. काही कंपन्या तर स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे संस्थेला देतात. त्यासाठी क्लब ५०१(सी)(३) असावा लागतो आणि कंपन्यांच्या देणग्या हाताळणाऱ्या बेनेव्हिटीसारख्या मंचावर त्याची नोंद असावी लागते. एका पालकाने बसून ही नोंद केली, सगळ्यांना आपापल्या कंपनीचं पोर्टल कसं शोधायचं ते ईमेलमध्ये सांगितलं, तर शंभर बेक सेलपेक्षा जास्त काम होतं. हे काम आपल्या लोकांनी घ्यावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण ते आपल्याला सहज जमतं.

कन्सेशनवर काय विकायचं हे ठरवण्याआधी काउंटीच्या आरोग्य खात्याचे नियम पाहा. पाकीटबंद पदार्थ आणि बाटलीबंद पाण्याला सहसा त्रास नसतो. घरून शिजवून आणलेल्या अन्नाला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. सामोसे विकायची इच्छा असेल तर परवानाधारक उपाहारगृहाकडून घ्या आणि त्यात शेंगदाणे, काजू, गहू, दूध काय आहे ते पाटीवर लिहा. आणखी एक: शाळेच्या आवारात दिवसा विकल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांना केंद्र सरकारचे पोषणाचे निकष लागू होतात, आणि हा ‘दिवस’ शाळा सुटल्यावर अर्धा तास झाला की संपतो. म्हणून संध्याकाळच्या सामन्याच्या स्टँडला ते लागू नाहीत, पण दुपारच्या सुट्टीत लावलेल्या कुकीच्या टेबलाला लागू होतात.

मुली आणि मुलं, दोघांनाही सारखं

१९७२ च्या टायटल नाइन कायद्यानुसार केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळेला मुलामुलींना खेळांत समान सोयी द्याव्या लागतात. सोय बूस्टर क्लबच्या पैशांतून आली, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. क्लबने मुलांना नवा स्कोअरबोर्ड किंवा लॉकर दिले तर मुलींना तोडीस तोड सोय मिळेल हे पाहण्याची जबाबदारी शाळेवर येते. म्हणूनच एडी कधी कधी मोठी देणगी नाकारतात किंवा थांबवून ठेवतात. रागावू नका, त्यांना कायदा पाळायचा असतो. मला विचाराल तर मुलामुलींचा एकच क्लब असावा. दोन क्लब असतील तर निदान दोघांच्या खजिनदारांनी सीझनआधी एकत्र बसून काय घ्यायचं ते ठरवावं.

मैदानावर राहणारी कोणतीही मोठी वस्तू शाळेमार्फतच द्या. विशेषतः हलवता येणारे गोलपोस्ट. ते उलटून मुलं दगावल्याच्या घटना घडल्या आहेत, आणि ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने त्याबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत. जमिनीला घट्ट बांधून ठेवण्याची सोय नसलेला गोलपोस्ट कितीही स्वस्त मिळाला तरी विकत घेऊ नका.

सामन्याचा दिवस

हायस्कूलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था लिहिते आणि राज्यं ते थोड्याफार फरकाने वापरतात. टीव्हीवर सामने पाहणाऱ्यांना काही गोष्टी वेगळ्या वाटतील. व्हार्सिटीचा सामना ४०-४० मिनिटांच्या दोन भागांचा असतो. घड्याळ बहुतेक ठिकाणी उलटं धावतं आणि गोल झाला, कार्ड दाखवलं किंवा पेनल्टी मिळाली की थांबतं. बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो, त्यामुळे मुलाला बाहेर बोलावलं म्हणून लगेच मन खट्टू करून घेऊ नका. यजमान संघ गडद जर्सीत आणि गडद मोज्यांत खेळतो, म्हणून पाठिंब्याचे टी-शर्ट ठरवतानाही हे लक्षात ठेवा.

आवाजाचा विषय निघाला की आपल्याकडे ढोल-ताशाची आठवण होणारच. बऱ्याच शाळा आणि राज्यं भोंगे, शिट्ट्या आणि इतर कृत्रिम आवाजांवर बंदी घालतात, प्लेऑफमध्ये तर जास्तच. शिट्टीचा तर रेफरीच्या शिट्टीशी गोंधळ होतो. आधी एडीला विचारा. घशाने मात्र हवं तेवढं ओरडा, फक्त आपल्या टीमसाठी ओरडा. रेफरीवर ओरडू नका. हायस्कूलच्या रेफरींची अनेक भागांत टंचाई आहे आणि प्रेक्षकांच्या शिव्या हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. समोरच्या टीमच्या मुलाला तर कधीच काही बोलू नका, तोही सोळा वर्षांचाच आहे.

गडगडाट ऐकू आला किंवा वीज दिसली की सामना थांबतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर किंवा विजेनंतर ३० मिनिटं जाईपर्यंत सुरू होत नाही. त्या वेळी धातूच्या ब्लीचर्सवर बसून राहू नका. कन्सेशनच्या तंबूत असाल तर पैशांची पेटी घेऊन इमारतीत किंवा गाडीत जा.

सीनियर नाइट आणि सीझनचा शेवट

घरच्या मैदानावरच्या शेवटच्या काही सामन्यांपैकी एक सीनियर नाइट असते. बारावीची मुलं आईवडिलांबरोबर मैदानात चालत येतात, त्यांचं नाव, पुढच्या शिक्षणाचा बेत पुकारला जातो, फुलं दिली जातात. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही चालत न्यायला बहुतेक शाळा आनंदाने परवानगी देतात. फक्त आठवडाभर आधी कळवा, म्हणजे नावं यादीत येतात. ज्या मुलाचे पालक येऊ शकत नाहीत त्याच्याबरोबर कोण चालणार हे समितीने आधीच शांतपणे ठरवून ठेवावं. हे मूल मैदानावर एकटं उभं राहता कामा नये.

बँक्वेट साधा ठेवा. महागड्या हॉलपेक्षा शाळेचं कॅफेटेरिया चांगलं, कारण तिथे सगळी कुटुंबं येऊ शकतात. शाकाहारी आणि हलाल जेवणाची सोय लागणारे किती आहेत ते फॉर्ममध्ये विचारा.

सीझन संपल्यावर एका महिन्याच्या आत नवी समिती निवडा आणि कामं हस्तांतरित करा. बँकेतली सह्यांची नावं बदला, ईमेल आणि साइनअप शीटचे पासवर्ड नव्या सचिवाकडे द्या, उरलेल्या मालाची मोजणी करा, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहून द्या. खजिनदाराने वर्षाचा जमाखर्च सगळ्या पालकांना पाठवावा, मागितला नाही तरी. आयआरएसचा वार्षिक फॉर्म विसरू नका. वर्षाची जमा साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन हा छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो, तो भरायला काही मिनिटं लागतात. वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तो जायला हवा, म्हणजे क्लबचं वर्ष ३० जूनला संपत असेल तर १५ नोव्हेंबरपर्यंत. सलग तीन वर्षं राहिला तर करमुक्त दर्जा आपोआप रद्द होतो. खजिनदार बदलताना नेमकी हीच तारीख हरवते, म्हणून ती अध्यक्ष आणि सचिव या दोघांच्याही कॅलेंडरमध्ये आजच घालून ठेवा.